हिवाळा पास

गेल्या गुरुवारी सकाळी साडेदहाला माझी शाळा पास झाली. मी कॉफीचा दुसरा कप घेऊन टेबलाशी आले, नव्या सॉफ्टवेअरने केलेली यादी पडद्यावर उघडली आणि, खरं सांगायचं तर काम म्हणून नव्हे, नुसता चाळा म्हणून ‘पोर्ताज-नोआर’ असं माझ्या गावाचं नाव टाइप केलं. राज्यातल्या सहाशे सात शाळा या यादीत आहेत. ज्यांची छपरं, बॉयलर, भिंती सगळ्यांत वाईट त्या वर, ज्यांचं बरं चाललंय त्या खाली. वरच्यांना येत्या अंदाजपत्रकातून दुरुस्तीचे पैसे मिळतात, खालच्यांना शुभेच्छा. माझी शाळा पाचशे नव्वदावी होती. नावापुढे हिरवी खूण, आणि खुणेवर बाण नेला की एक इवलीशी चौकट उघडत होती. त्यात लिहिलं होतं, ‘हिवाळा : पास’. मी मोठ्याने हसले. ज्या शाळेने मला पहिल्याच वर्षी नापास केलं होतं, ती शाळा स्वतः पास झालेली बघायला मी पंचावन्न वर्षं थांबले होते. मग हसू कुठल्या कुठे गेलं, कारण ती शाळा मला आतून-बाहेरून माहीत आहे. तिच्या बॉयलरला मी लहान असतानाच लोक म्हातारा म्हणायचे. कॉफी तशीच राहिली आणि तिच्यावर साय धरली. मी त्या हिरव्या खुणेकडे बघत बसले, कारण ‘पास’ हा शब्द माझा होता.

हा शब्द आमच्या खोऱ्यातला. आमचं खोरं राज्याच्या पार उत्तरेच्या टोकाला, नदीच्या अलीकडे आम्ही, पलीकडे कॅनडा, आणि दोन्ही तीरांवर तीच आडनावं, तीच फ्रेंच. माझी आजी, आम्ही तिला मेमेर म्हणायचो, ऑक्टोबरात गोठ्यात उभी राहून गाईंकडे बघायची आणि एकेकीचा निकाल लावायची. ही धड आहे. ही विकायची. आणि एखाद्या हाडकुळ्या गाईपाशी थांबून म्हणायची, ‘ही हिवाळा पास करेल.’ म्हणजे ठीक नाही, पण पडणारही नाही, वसंत ऋतू बघेल, पुढचं पुढे. हेच ती शेजारच्या म्हाताऱ्याबद्दल म्हणायची, जावयाच्या ट्रकबद्दल म्हणायची, आणि शेवटची तीन वर्षं स्वतःबद्दल म्हणत होती. आमच्या बोलीत पास होणं म्हणजे पार होणं, कसंबसं निभावून नेणं. त्यात कौतुक कुणाला कधी दिसलं नाही. परीक्षेतलं पास होणं वेगळं, ते इंग्रजीत असतं, हे मला शाळेत गेल्यावर कळलं. तेव्हा शाळेत फ्रेंच बोलायला बंदी होती, आणि मला दुसरं काही येतच नव्हतं. सिस्टर आन स्वतः आमच्यासारखीच फ्रेंच घरातली, पण वर्गात शब्द निसटला की तीच फळ्यावर आमचं नाव लिहायची. मला शू लागलेली इंग्रजीत कशी सांगायची ते माहीत नव्हतं, त्यामुळे मी पहिलं वर्ष बहुतेक ओल्यात काढलं. तळघरात बॉयलरची खोली होती. तिथे मोस्यू लेओनिद कोळसा घालायचा, आणि त्याला इंग्रजी येत नसल्यामुळे त्या खोलीत बंदी लागू नव्हती. आम्ही मुली हातमोजे वाळवायच्या निमित्ताने तिथे जायचो, पाइपांवर ओली लोकर टाकायचो आणि भराभरा, एकमेकींचं वाक्य तोडत, पोटातलं सगळं बोलून घ्यायचो. लोकरीची वाफ, कोळशाचा धूर आणि लेओनिदच्या डब्यातल्या कुट्टूच्या पिठाच्या धिरड्यांचा वास. सप्टेंबरात बटाटे काढायला तीन आठवडे शाळा बंद असायची. आम्ही सगळे शेतात वाकलेलो, आणि परत आलो की बॉयलर त्या वर्षी पहिल्यांदा पेटलेला असायचा, रेडिएटरांवरची उन्हाळाभराची धूळ जळत असायची. तो जळक्या धुळीचा वास आला की मला अजून वाटतं, आता कुणीतरी आपलं ऐकून घेईल. एकसष्ट वर्षांच्या, पाच महिन्यांनी निवृत्त होणाऱ्या बाईला असं वाटणं शोभत नाही, पण वाटतं.

तर हा शब्द मी राजधानीत आणला. शहाऐंशी साली मी खात्यात टायपिस्ट म्हणून लागले, आणि वर्षभरात एल्टन व्हिटकोमबरोबर दौऱ्यावर जायला लागले, कारण त्याचं अक्षर मला सोडून कुणाला लागायचं नाही. एल्टन शाळातपासनीस होता, म्हणजे शाळेच्या इमारतीचा, मुलांशी त्याचं काही देणंघेणं नव्हतं. दक्षिण किनाऱ्यावरचा, तोंडातून शब्द काढायला त्याला त्रास व्हायचा. शाळेत गेला की मुख्याध्यापकांकडे न जाता तो थेट झाडलोट करणाऱ्याकडे जायचा, त्याच्याबरोबर सिगारेट ओढायचा आणि एकच प्रश्न विचारायचा, ‘पाऊस आला की सगळ्यात आधी कुठली बादली रिकामी करता?’ मुख्याध्यापक छप्पर चांगलं आहे म्हणायचे. बादल्यांचा क्रम मात्र खोटा सांगता येत नाही. मग तो भिंतीला तळहात लावून उभा राहायचा, जमिनीवर टाच आपटायचा आणि कार्डावर तीन चौकटींपैकी एकीत खूण करायचा. चांगली, बरी, वाईट. एकदा कुठल्याशा शाळेच्या आवारात तो कार्ड घेऊन नुसताच उभा होता. म्हणाला, ‘बरी म्हणवत नाही. वाईट म्हटलं तर उद्या कुलूप ठोकतील, आणि तेवढीही वाईट नाही. ह्याला काही शब्द आहे का गं?’ मी म्हटलं, आहे, आणि मेमेरचा शब्द सांगितला. त्याने दोन-तीनदा जीभ वळवून बघितली, फ्रेंच काही जमली नाही, तेव्हा ‘पास’ आणि ‘इव्हेर’, म्हणजे हिवाळा, जो लिहिताना एचने सुरू होतो, या दोन शब्दांची आद्याक्षरं घेतली आणि चौकटींच्या बाहेर, समासात लिहिली. ‘पी. एच.’ त्यानंतर वीस-बावीस वर्षं तो तसंच लिहीत राहिला. तो निवृत्त झाला, मग गेला, आणि त्याच्या मागून आलेल्यांनी ‘पी. एच.’ पुढच्या कार्डावर उतरवून घेतलं. अर्थ कुणाला माहीत नव्हता, पण खोडायची छातीही कुणाला झाली नाही. सरकारी कागदांना अशीच वर्षानुवर्षं माया मिळते.

दोन वर्षांपूर्वी नवं सॉफ्टवेअर आलं. विधिमंडळाने एकाच विधेयकात एकाच पिशवीतून शाळांच्या दुरुस्तीला आणि सॉफ्टवेअरला पैसे दिले, आणि आमची सगळी कार्डं दूर दक्षिणेतल्या एका कंपनीकडे गेली. तिथे बर्फ पडत नाही. त्या कंपनीतल्या एका मुलीचा फार गोड पत्रव्यवहार असायचा, प्रत्येक पत्राच्या शेवटी हसरा चेहरा. तिने विचारलं, बेचाळीस शाळांच्या समासात ‘पी. एच.’ आहे, हे काय? प्रश्न फिरत फिरत माझ्याकडे आला. त्या क्षणी मला किती बरं वाटलं ते कबूल करायला हवं. ज्या भाषेपायी माझं नाव रोज फळ्यावर लागायचं, तिच्यातल्या एका शब्दाचा अर्थ सरकार मला लेखी विचारत होतं. मी दोन ओळींचं उत्तर लिहून खुलासा करायला हवा होता. मी तीन शब्दांत, ऐटीत, शब्दाला शब्द ठेवून इंग्रजी करून दिलं, हिवाळा पास करते. हसरा चेहराही काढला. तिने ते जसं वाचायचं तसंच वाचलं. तिच्या यादीत पास आणि नापास अशा दोनच जागा होत्या. अशा रीतीने राज्यातल्या सगळ्यांत थकलेल्या बेचाळीस शाळा थंडीच्या परीक्षेत पहिल्या वर्गात उत्तीर्ण होऊन यादीच्या तळाला गेल्या. हे सगळं मला गुरुवारी साडेदहा ते पावणेअकराच्या दरम्यान कळलं. मी उठले, कोट घातला, लिफ्टने खाली गेले, रस्त्यावर उभी राहिले आणि पुन्हा वर आले. जाऊन जाऊन कुठे जाणार?

मी रेआलला फोन केला. रेआल लाग्रांज माझ्या वर्गातला, लेओनिदचा पुतण्या. आता पोर्ताज-नोआरच्या शाळेचा बॉयलर, बादल्या आणि बर्फ तोच बघतो. ‘काय म्हणतायत राजधानीच्या साहेबीणबाई?’ तो आमच्या फ्रेंचमध्ये म्हणाला. ‘आज कशी आठवण झाली? मेलो का बघायला?’ मी विचारलं, बॉयलर कसा आहे. ‘बॉयलर? अगं, त्याला मी रोज सकाळी शिव्या घालतो तेव्हा तो उठतो. मंगळवारी शिव्या कमी पडल्या, तर पोरं कोट घालून बसली दिवसभर. पहिलीची बाई म्हणाली, पेन्सिल धरवत नाही त्यांना.’ मी विचारलं, आधी कुठली बादली रिकामी करतोस? तो म्हणाला, ‘तुझ्या त्या मुक्या एल्टनचा प्रश्न ना हा? वाचनालयातली. मग जिन्यातली. मग पहिलीतली. झालं समाधान? आता तू सांग, यादीत आहोत का आम्ही? मार्चच्या पहिल्या सोमवारी गावसभा आहे. तोवर राज्याकडून बॉयलर मिळाला असं दाखवता आलं तर गाव शाळा ठेवेल. नाहीतर हात वर होतील, आणि पोरं चाळीस मैल बसने जातील. पाच वर्षांची पोरं, ओडिल. अंधारात निघायचं आणि अंधारात परतायचं.’ मी म्हटलं, बघते. ‘बघ,’ तो म्हणाला. ‘तू तिथे बसलीयस म्हणून तर आम्ही निर्धास्त आहोत.’ हे त्याने टोमणा म्हणून म्हटलं असतं तर बरं झालं असतं.

ग्वेन आमची प्रमुख, माझ्याहून वीस वर्षांनी लहान, घाईत असली की एका पायावर उभी राहते. मी तिला सगळं सांगितलं तेव्हा ती हळूच दोन्ही पायांवर आली. ‘सोमवारी अर्थसमितीपुढे ही यादी ठेवायचीय,’ ती म्हणाली. ‘त्याच बैठकीत सॉफ्टवेअरचा दुसरा हप्ता मागायचाय. ओडिल, मी तिथे जाऊन काय सांगू? की आमच्या बाईंना आजीची गाय आठवली म्हणून यादी उलटी झाली?’ मी म्हटलं, साधारण तसंच. ती खुर्चीत बसली. ‘हाताने दुरुस्ती करायची सोय आहे त्यात. एखाद-दुसरी शाळा आपण वर घेऊ शकतो, कारण लिहायचं. कुणी विचारणार नाही. तुझ्या गावची...’ ती थांबली, आणि लाज वाटून खिडकीकडे बघायला लागली. ती वाईट बाई नाही. तिच्याही हाताखालचा एकेक माणूस दर वर्षी कमी होतोय. मला त्या क्षणी तिचं म्हणणं अगदी पटलं होतं, हेही लिहून ठेवते. एक शाळा. लेओनिदची खोली, तिथला उबारा, आणि त्यात कोट काढून बसलेली पहिलीची मुलं. मी तोंड उघडलं तेव्हा हो म्हणणार होते. निघालं भलतंच, ‘आणि उरलेल्या एक्केचाळीस शाळांच्या बादल्या रिकाम्या करणाऱ्यांची नावं मला माहीत नाहीत, म्हणून त्यांना तळालाच ठेवायचं?’ ग्वेन म्हणाली, ‘फार त्रासदायक बाई आहेस तू.’ मग तिने वही काढली.

सोमवारच्या बैठकीचं मी फारसं सांगत नाही, कारण मला त्यातलं फारसं आठवत नाही. उंच खिडक्या, एक जळमट, पाण्याचा ग्लास धरलेला माझाच हात. किनाऱ्याकडचे एक सदस्य चष्मा पुसत म्हणाले, ‘मला समजावून सांगा बाई. तुमच्या खात्यात पास म्हणजे नापास?’ लोक हसले. मी म्हटलं, नाही साहेब, पास म्हणजे अजून मेलेली नाही. ह्यावर कुणी हसलं नाही. एक म्हातारी सदस्य, खोऱ्याच्याच बाजूची, मान खाली घालून कागदावर काहीतरी गिरवत होती, तिने वर न बघताच विचारलं, ‘आणि हे उत्तर कंपनीला कुणी लिहून दिलं?’ मी म्हटलं, मी. माझं नाव त्यांनी लिहून घेतलं. कित्येक वर्षांनी असं नाव लिहिलं जाताना बघितलं आणि अंगातून तीच जुनी कळ गेली, पण ह्या वेळी ती माझ्या हक्काची होती. सॉफ्टवेअरचा हप्ता त्यांनी अडवून धरला. आणि शाळांचं ठरवलं ते असं की बेचाळिसांपैकी प्रत्येकीची पुन्हा पाहणी व्हावी, जिच्यावर खूण सगळ्यांत जुनी ती आधी. एक मार्चपर्यंत ज्यांची पाहणी पुरी होईल त्या ह्या अंदाजपत्रकात, उरलेल्या पुढच्या वर्षी. आता आमच्याकडे पाहणीला एकच माणूस उरलाय, आणि बर्फातून दिवसाला एक शाळा ह्यापेक्षा जास्त होत नाही. फार तर सव्वीस होतील.

तर काल आणि आज मी खाली तळघरात बसून जुनी कार्डं काढत होते, प्रत्येक शाळेवर पहिली खूण कुठल्या साली पडली ते बघायला. शेवटच्या खोक्यात माझी सापडली. पिवळं पडलेलं कार्ड, समासात ‘पी. एच.’, खाली तारीख आणि साल. एल्टनचा एक आणि त्याचा सात यांत फरक करणारं माणूस आता एकटी मीच उरलेय. दोन्हींना वर छोटंसं नाक, खाली उभी काठी. आमच्या खोऱ्यात सातच्या कमरेला आडवी रेघ देतात, तशी दे म्हणून मी त्याला किती वेळा सांगितलं, पण नाही म्हणजे नाही. शेवटचा आकडा एक, म्हणजे साल दोन हजार एक असेल तर माझी शाळा तिसरी. दोन हजार सात असेल तर एकोणतिसावी, म्हणजे सव्विसांच्या बाहेर. ग्वेन जिना उतरून आली, माझ्या खांद्यावरून वाकून बघत राहिली, आणि फार हळू आवाजात म्हणाली, ‘मला तर एक दिसतोय.’ मी कार्ड दिव्याकडे नेलं. ‘त्याचं अक्षर तुलाच लागतं,’ ती म्हणाली. ‘तू लिहिशील ते साल. मी वर जाते.’ तिच्या पावलांचा आवाज जिन्यात संपेपर्यंत मी कार्ड दिव्याखाली धरून ठेवलं. एकच वाटत होता, सात वाटायला काही जागाच नव्हती. मला हवंच तसं होतं. मी रेआलला फोनवर काय सांगेन तेही मनात म्हणून बघितलं, आणि तो काय शिवी देऊन आनंद साजरा करेल तेही ऐकू आलं.

मग तो दिवस आठवायला लागला. आठवू नये म्हणून मी उठून उभीसुद्धा राहिले. ऑक्टोबर होता, बटाटे निघून गेले होते, शेतं उघडी पडली होती. एल्टनने बॉयलरच्या खोलीत बराच वेळ काढला, पाइपांवर हात फिरवला, आणि बाहेर येऊन गाडीच्या टपावर कार्ड ठेवून लिहिलं. मग तो नेहमीसारखा म्हणाला, ‘चल, तुमच्या घरी धिरडी खायला.’ पोर्ताज-नोआरवरून जाताना आम्ही दर खेपेला आईकडे जेवायचो. तिला इंग्रजी येत नव्हतं, त्याला फ्रेंच येत नव्हतं, आणि दोघांचं उत्तम जमायचं. ती त्याच्या ताटात काकवी ओतायची आणि तो हात आडवा करून नको नको म्हणत राहायचा. मी गाडीचं दार धरून उभी होते. मी म्हटलं, एल्टन, घर विकलं ना आम्ही. तो एकदम लाल झाला, सॉरी सॉरी म्हणाला, आणि आम्ही नदीकाठी गाडी लावून पेट्रोलपंपावरची थंड सँडविचेस खाल्ली. जन्मगावात दोन घास खायला मला कुणाचंच घर उरलं नव्हतं. आई दोन हजार चार साली गेली, आणि घर त्यानंतरच विकलं. म्हणजे तिथे एक टाइप करायचा तर मला ती ओट्याशी तव्यापुढे उभी करावी लागली असती, दार उघडायला लावावं लागलं असतं, आणि माझ्या हाताला तेही चाललं असतं, इतका तो त्या कळीवर घट्ट बसला होता. मी तो उचलला. सात टाइप केला, आणि शाळा एकोणतिसाव्या ओळीत जाऊन बसली.